घरची पंगत

पशू खातात; मनुष्य जेवतो. आपल्या मायबोलीने या दोन क्रियांस दोन निराळे शब्द दिले आहेत, ते उगीच नव्हेत. भूक लागताच समोर येईल ते तोंडात घालणे म्हणजे खाणे. हातपाय धुऊन, आपल्या माणसांच्या शेजारी बसून, वाढलेले अन्न कृतज्ञतेने ग्रहण करणे यास आपण जेवणे म्हणतो. म्हणूनच ‘खाऊन घे’ या शब्दांत जी घाई आहे ती ‘जेवावयास चला’ या शब्दांत नाही.

आज आम्ही वाचकांपुढे जो विषय मांडीत आहोत तो दिसावयास अगदी साधा आहे. घरातील सर्व माणसे दिवसातून निदान एकदा, बहुधा रात्री, एका पंगतीस बसून जेवतात काय, एवढाच प्रश्न आहे. परंतु या लहानशा प्रश्नात मुलांची वाढ, मातेचे आरोग्य, वृद्धांचा मान आणि आपल्या भाषेचे भवितव्य इतक्या गोष्टी गुंतलेल्या आहेत की, प्रत्येक कुटुंबाने त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्या मुलखातील संध्याकाळ

पांढुर्णा व सौंसर हा आपला मुलूख २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला. जिल्हा नवा असला तरी येथील जीवनक्रम जुनाच आहे. कापूस आणि संत्री ही आपली दोन मुख्य पिके, आणि ही दोन्ही पिके माणसाला घड्याळाप्रमाणे जेवू देत नाहीत. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की घरातील स्त्रिया सकाळी भाकरी बांधून शेतात जातात त्या दिवेलागणीस परततात. संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडी उतरतो, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडी. आणि व्यापाऱ्याची गाडी बागेत उभी असली म्हणजे तोड, निवड आणि भरणी यांपुढे कोणास जेवणाची शुद्ध नसते. रब्बीच्या दिवसांत गव्हाला व हरभऱ्याला पाणी द्यावयाचे तर विजेची पाळी पुष्कळदा रात्रीच येते. मग घरधनी घोंगडी खांद्यावर टाकून मोटर सुरू करावयास निघतो. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात ज्यांची नोकरी आहे त्यांच्या पाळ्या आठवड्यागणिक बदलतात. आणि ज्या घरची तरुण मुले शिक्षणासाठी वा कामासाठी नागपूरला राहतात, त्या घरी तर पंगत शनिवारी रात्रीच पुरी व्हावयाची.

ही सारी कारणे खरी आहेत व ती आम्ही हलकी मानीत नाही. परंतु ज्या दिवशी सर्व माणसे घरीच असतात, त्या दिवशी तरी काय घडते? शिकवणीहून आलेला मुलगा आपले ताट घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसतो. थोरली मुलगी एका हाताने जेवते व दुसऱ्या हाताने मोबाईल चाळते. वडील उशिरा येतात व चुलीजवळच एकटे बसून चार घास घाईने गिळतात. आजोबांचे ताट ओसरीवर पोहोचते. त्यांच्याशी बोलावयास तेथे कोणी नसते. आणि सर्वांचे आटोपल्यावर, गंजाच्या तळाशी जे वरण उरले असेल ते भाकरीच्या तुकड्याने निपटून घरची माउली जेवते. घर एक, चूल एक, भाकरी एकाच पिठाची. परंतु जेवणे पाच झाली, आणि पाचांपैकी एकालाही सोबत लाभली नाही.

जगाच्या पंगतीत आपले स्थान

आपला असा समज आहे की, एकटे जेवणे हे पाश्चात्त्यांचे दुःख आहे. आपली एकत्र कुटुंबे त्यापासून मुक्त आहेत. या समजुतीचा अर्धा भाग खरा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधन केंद्राने २०२५ साली जो जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध केला, त्यात एक प्रकरण सहभोजनावर आहे. अमेरिकेत २०२३ साली सुमारे चारांतील एका माणसाने आदल्या दिवसाची सर्व जेवणे एकट्याने केली होती, आणि २००३ पासून हे प्रमाण ५३ टक्क्यांनी वाढले आहे, असे त्यात नमूद आहे.

परंतु समजुतीचा दुसरा अर्धा भाग त्याच अहवालाने खोटा ठरविला. १४२ देशांतील लोकांस असे विचारण्यात आले की, गेल्या सात दिवसांतील दुपारच्या व रात्रीच्या जेवणांपैकी किती जेवणे तुम्ही ओळखीच्या माणसाबरोबर केली? पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल हा देश या यादीत अग्रभागी आहे. तेथे भात व मासळीचे एक मोठे पात्र मध्ये ठेवून त्याभोवती सर्व कुटुंब बसते व ज्याने त्याने आपल्या समोरचा भाग खावा अशी रीत आहे. आणि जगातील सर्व विभागांत तळाशी कोण? आपला दक्षिण आशिया. ज्या भूमीत पंगत हा शब्द घरोघरी आहे, लग्नकार्यात शेकडो माणसे एका रांगेत बसवून जेवू घालण्यात जी भूमी धन्यता मानते, तीच भूमी घरच्या रोजच्या जेवणात मागे पडावी, हे आपणांस विचार करावयास लावणारे आहे. त्याच अहवालात असेही दिसून आले की, माणूस किती समाधानी आहे हे त्याच्या उत्पन्नावरून जितके कळते, जवळजवळ तितकेच तो किती वेळा इतरांबरोबर जेवतो यावरूनही कळते.

असे कां व्हावे? आमच्या मते याचे एक मोठे कारण आपल्या घरात अन्न वाढण्याच्या क्रमात आहे. आपल्याकडे माणसे एकामागून एक जेवतात. आधी पुरुष, मग मुले, शेवटी स्त्रिया; आणि स्त्रियांतही आधी सासू, मग सून. हा क्रम कोणी दुष्ट बुद्धीने ठरविला असे नाही. कष्ट करून आलेल्यास आधी वाढावे, ही त्यामागील मूळ भावना चांगली आहे. पण जी स्त्री दिवसभर कापूस वेचून आली आणि आल्याबरोबर चुलीपुढे बसली, ती कष्ट करून आली नव्हती काय?

आवतण कोणाला?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या भागात व सबंध विदर्भात एक फार गोड रीत आहे. शेतकरी बैलाचे खांदे शेकतो, त्यांस हळद व लोणी चोळतो आणि उद्या जेवावयास येण्याचे त्यास आवतण देतो. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास आधी बैलाला, मग घरच्यांना. मुक्या जनावराच्या श्रमांची जाणीव ठेवणारी ही रीत ज्या समाजाने जपली, त्या समाजाच्या अंतःकरणात कृतज्ञता नाही असे कोण म्हणेल? परंतु वर्षभर जी चुलीपुढे राबते, तिला ‘तूही आमच्याबरोबर बैस’ असे आवतण वर्षातून एकदा तरी कोणी देतो काय? हा प्रश्न आम्ही प्रत्येक घरधन्यास नम्रपणे विचारतो.

हा प्रश्न केवळ मानाचा नव्हे, प्रकृतीचाही आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या मध्य प्रदेशात हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे. म्हणजे गावातील कोणत्याही दोन स्त्रियांपैकी एक रक्तक्षयाने ग्रस्त आहे असे समजावे. चालताना धाप लागणे, सदा थकवा वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळंतपणात जिवावर बेतणे ही त्याची फळे आहेत. रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत. परंतु सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात डाळ, पालेभाजी व दूध सर्वांत कमी येते, हे सांगावयास वैद्याची गरज नाही. एकामागून एक जेवताना आपण किती घेतले व मागच्यासाठी किती उरले, हे कोणासच दिसत नाही. सर्व ताटे शेजारी शेजारी मांडली की मात्र कोणत्या ताटात वरण आहे व कोणत्या ताटात केवळ भाकर आणि ठेचा आहे, हे लहान मुलाच्याही ध्यानी येते. मग वाटणी आपोआप सुधारते.

हा केवळ आमचा तर्क नाही. राजस्थानातील बांसवाडा व सिरोही या जिल्ह्यांत, मुख्यतः आदिवासी कुटुंबांत, काही सेवासंस्थांनी २०१५ च्या सुमारास दोन वर्षे एक प्रयोग केला. बचतगटातील स्त्रियांस आहाराविषयी माहिती देण्यात आली आणि तिच्याबरोबर एक साधी सूचना करण्यात आली: घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे. त्यासाठी कोणाचे उत्पन्न वाढले नाही की कोणास जास्त जमीन मिळाली नाही. तरीही प्रयोगाच्या अखेरीस अधिक स्त्रियांना व मुलांना पोटभर व विविध अन्न मिळू लागल्याचे दिसून आले. पतीने पत्नीचे ताट प्रथमच समोर पाहिले, आणि जे समोर दिसते त्याकडे चांगला माणूस डोळेझाक करू शकत नाही.

येथे जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. डाळी व पालेभाज्यांतील लोह अंगी लागण्यास आंबट फळांचा उपयोग होतो. उलट जेवणाबरोबर वा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. आपल्या बागांतील संत्री गाड्या भरभरून दूरदूरच्या बाजारांत जातात. त्यांतील डागी म्हणून बाजूला काढलेली चार फळे घरच्या पंगतीत यावीत, वरणावर लिंबाची फोड पिळावी आणि चहा तासाभराने घ्यावा. यास खर्च काहीच नाही.

मुलांच्या ताटात काय पडते?

मुलांच्या संबंधाने पाश्चात्त्य देशांत बराच अभ्यास झालेला आहे. इलिनॉय विद्यापीठातील दोन संशोधक स्त्रियांनी २०११ साली पूर्वीच्या १७ अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांत १ लाख ८२ हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा कुटुंबासह जेवणाऱ्या मुलांत पौष्टिक अन्न खाण्याचे प्रमाण २४ टक्क्यांनी अधिक व स्थूलतेचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या खेड्यांत स्थूलतेची चिंता अजून मोठी नसेल. परंतु पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्या दुकानादुकानांतून टांगलेल्या आहेत व त्या खाऊन भूक मारलेली मुले रात्री अंबाडीची भाजी वा वरणभात नाकारतात, हे प्रत्येक आईस ठाऊक आहे. मूल उपदेशाने खात नाही. ते पाहून खाते. वडील भाकर कुस्करून भाजीशी चवीने खाताना दिसले की मुलाचाही हात त्या भाजीकडे वळतो.

परंतु आमच्या मते जेवणातील सर्वांत मोठा जिन्नस ताटात नसून बोलण्यात आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या कॅथरीन स्नो या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या घरी जेवणाच्या वेळी चालणारी संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. ज्या घरांत जेवताना गोष्टी सांगितल्या जात, ‘असे कां झाले?’ याची चर्चा होई, त्या घरांतील मुलांच्या कानी अनेक नवे व अवघड शब्द पडत आणि त्यांची भाषा पुढे समृद्ध होई, असे त्यांना आढळले.

आपल्या मुलखासाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून आपली कचेरी हिंदी, बाजारातील पाट्या हिंदी, मुलांच्या शाळाही बहुतांशी हिंदी किंवा इंग्रजी. हिंदी ही आपल्या शेजाऱ्यांची गोड भाषा आहे व ती उत्तम यावी, यात शंका नाही. परंतु वखर, तिफण, आवतण, सांबार, गंज, रोडगे, पाणगे हे शब्द मूल शिकणार कोठे? शाळेच्या पुस्तकात ते नाहीत, मोबाईलमध्येही बहुधा नाहीत. ते आजीच्या तोंडी आहेत, आणि आजीचे तोंड मुलाच्या समोर येण्याची घरातील निश्चित वेळ म्हणजे जेवणाची. जेथे पंगत मोडली तेथे मायबोलीची शाळा बंद झाली असे समजावे.

भाषेबरोबर कुळाचा इतिहासही पंगतीतच हस्तांतरित होतो. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या मार्शल ड्यूक व रॉबिन फिव्हश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी तयार केली होती. आजी-आजोबा कोठे वाढले, आईवडिलांचे लग्न कसे जुळले, घरावर कोणते संकट आले होते, असे ते साधे प्रश्न होते. ज्या मुलांना अशा प्रश्नांची उत्तरे अधिक ठाऊक होती, त्यांचा स्वतःवरील विश्वास अधिक व चिंता कमी, असे त्यांना दिसून आले. याचे कारण उघड आहे. आपल्या घराने यापूर्वीही वाईट दिवस पाहिले व त्यातून ते सावरले, हे ज्या मुलास ठाऊक असते, ते परीक्षेतील अपयशाने वा बहार गळून गेल्याने कोसळून पडत नाही.

नागपूर ते छिंदवाडा धावणारी छोटी गाडी २०१५ साली रुळांची रुंदी वाढविण्यासाठी बंद झाली. आज आपल्या घरात जी लहान मुले आहेत, त्यांनी सौंसरच्या फलाटावर ती पाहिलेली नाही. तिच्यातून आजोबा प्रथम नागपुरास कसे गेले, किती वेळ लागला, सोबत कोणती शिदोरी होती, हे त्यांनी एका रात्री पंगतीत सांगावे. आजीने आपल्या माहेरचे गाव कोणते, सासरी आली तेव्हा विहीर किती दूर होती, हे सांगावे. मुले जेवण लांबवून ऐकतील, याची आम्हांस खात्री आहे.

जादू नव्हे, सवय

येथे सत्यास धरून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एकत्र जेवणे हा सर्व व्याधींवरचा रामबाण उपाय नाही. केली म्युझिक व अॅन मायर या दोन समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली असे दाखवून दिले की, जी कुटुंबे नियमाने एकत्र जेवतात त्यांच्यात मुळातच प्रेम, वेळ आणि सुबत्ता अधिक असण्याचा संभव असतो. म्हणून मुलांच्या चांगुलपणाचे सर्व श्रेय केवळ जेवणास देणे बरोबर नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. ज्या पंगतीत रोज भांडण होते, ती पंगत मुलांच्या पोटात अन्नाबरोबर भीतीही घालते. म्हणून केवळ शेजारी बसणे पुरेसे नाही. आपण कसे बसतो यास महत्त्व आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ११ नोव्हेंबर २०१५ रोजीच्या आपल्या धर्मशिक्षणात याच विषयावर भाष्य केले होते. घरातील नात्यांची प्रकृती जेवणाच्या वेळी कळून येते. कोणाच्या मनात काही सलत असेल तर ते तेथे चटकन ध्यानी येते. आणि जेथे माणसे एकत्र जेवत नाहीत, किंवा जेवताना एकमेकांशी न बोलता पडद्याकडे पाहत बसतात, तेथे कुटुंबपण उणे पडते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आईला मुलाचे दुःख बहुधा त्याच्या ताटावरूनच कळते. नेहमी दोन भाकरी खाणारा मुलगा अर्ध्या भाकरीवर उठला, तर तिच्या मनात पाल चुकचुकते. ज्या घरात तो मुलगा खोलीत एकटा जेवला, तेथे ही सूचना कोणासच मिळाली नाही.

प्रभू येशूच्या चरित्रातही भोजनाचे प्रसंग किती आहेत, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. काना गावचे लग्न, जक्कयच्या घरचा पाहुणचार, अखेरचे भोजन. आणि पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांनी त्यास ओळखले तेही भाकर मोडताना. मार्था व मरिया या भगिनींची गोष्ट आपण नेहमी ऐकतो व कामात गुंतलेल्या मार्थेस दोष देतो. परंतु आपल्या घरातील मार्थेस चुलीपाशी बांधून कोणी ठेवले आहे, याचाही विचार होणे जरूर आहे.

अडचणी व उपाय

पहिली अडचण तव्याची. पुरुषांस व मुलांस भाकर वा पोळी तव्यावरून ताटात पडलेली हवी असते. जोवर ही आवड कायम आहे, तोवर घरची स्त्री पंगतीत बसणे शक्य नाही. उपाय सोपा आहे. सर्व भाकरी आधी करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून टोपलीत झाकून ठेवाव्यात. त्या पुष्कळ वेळ मऊ राहतात. वरणाचा गंज, भाजीची कढई, पाण्याचा तांब्या व भाकरीची टोपली ही सर्व मध्यभागी आणून ठेवावीत, म्हणजे कोणास वारंवार उठावे लागणार नाही. काही उणे पडले तर ज्याचे हात तरुण आहेत त्याने उठावे. थोडी कमी गरम भाकर आणि समोर बसलेली आई, या दोहोंपैकी कशाची चव अधिक, हे मुलांनीच ठरवावे.

दुसरी अडचण वेळेची. ज्यास रात्री ओलितास जावयाचे आहे वा ज्याची रात्रपाळी आहे, त्याने रात्रीच्याच जेवणाचा आग्रह धरू नये. त्या आठवड्यात सकाळची न्याहारी सर्वांची एकत्र व्हावी. ज्या घरी रोज जमत नाही, त्यांनी आठवड्यातून तीन दिवस ठरवावेत. तेही न जमल्यास रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर दुपारचे जेवण तरी कोणत्याही सबबीने मोडू देऊ नये. नागपूरला राहणारी मुले शनिवारी येणार असतील तर त्यांची वाट पाहावी, आणि मुलांनीही शेवटची गाडी पकडण्याऐवजी पंगतीपूर्वी घरी पोहोचण्याचा प्रयत्न करावा.

तिसरी अडचण पडद्याची. घरातील एक कोनाडा मोबाईलसाठी ठरवावा. जेवणास बसण्यापूर्वी प्रत्येकाने, आणि प्रथम वडिलांनी, आपला मोबाईल तेथे ठेवावा. बाजारभाव अर्ध्या तासात बदलत नाहीत. दूरचित्रवाणीवरील मालिका उद्या पुन्हा दाखवितात. आजचे जेवण पुन्हा येत नाही.

चौथी अडचण जिभेची. परीक्षेतील गुण, सावकाराचे हप्ते, बांधाचे तंटे, सुनेच्या माहेरची उणीदुणी हे विषय पंगतीत काढू नयेत. त्यांसाठी निराळी वेळ ठेवावी. जेवताना मुलास रागावले की ते दोन गोष्टी शिकते: अन्न घाईने गिळणे व घरच्यांपासून दूर बसणे. उलट प्रत्येकास आज काय चांगले घडले, हे एकेकाने सांगावे असा पायंडा पाडावा. सर्वांत लहान मुलापासून आरंभ करावा, म्हणजे त्यास आपल्या बोलण्यास मान आहे हे कळेल.

पाचवी अडचण फार दुःखाची आहे, परंतु ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. काही घरांत संध्याकाळी वडील दारू पिऊन येतात. मग मुले पांघरुणात दडतात, आई उपाशी राहते, आणि पंगत हा शब्दच त्या घरातून नाहीसा होतो. अशा घरातील मातेस आमचे सांगणे आहे की, तिने वाट पाहत मुलांस उपाशी ठेवू नये व स्वतःही उपाशी राहू नये. ठरल्या वेळी, प्रार्थना करून, मुलांसह जेवावे. पतीचे ताट झाकून ठेवावे. जेथे मारहाण होते, तेथे शेजाऱ्यांची, नातलगांची व धर्मगुरूंची मदत मागण्यात कमीपणा मानू नये. आणि त्या पित्यास आमचे सांगणे एवढेच की, मुलांच्या लक्षात राहील ती तुमची मिळकत नव्हे. तुम्ही त्यांच्या शेजारी शुद्धीवर बसून किती वेळा जेवलात, हे त्यांच्या लक्षात राहील.

शेवटी वृद्धांविषयी व एकट्यांविषयी. ज्या आजोबांस खाली बसवत नाही त्यांच्यासाठी पाट वा खुर्ची पंगतीजवळ आणावी. पंगतीतून त्यांस ओसरीवर पाठवू नये. ज्यांचे दात गेले त्यांची भाकर वरणात कुस्करून द्यावी व त्यांचे होईपर्यंत बाकीच्यांनी बसून राहावे. आणि शेजारी एखादी विधवा बाई वा मुले परगावी गेलेला म्हातारा एकट्यासाठी चूल पेटवीत असेल, तर आठवड्यातून एकदा त्यांस आपल्या घरी बोलावावे. एका माणसासाठी मूठभर तांदूळ अधिक लागतात. ज्यास बोलावणे आले त्याचा मात्र सबंध आठवडा निराळा होतो.

वाचकहो, आम्ही आपणांस मोठा खर्च वा मोठा त्याग करावयास सांगत नाही. येत्या रविवारी ताटे मांडताना घरातील माणसे मोजावीत व माणसांइतकीच ताटे मांडावीत. पहिले ताट रोज शेवटी जेवणाऱ्या माउलीचे वाढावे, आणि ती बसल्यावाचून कोणी पहिला घास घेऊ नये. पहिल्या दिवशी ती संकोचेल, ‘तुम्ही बसा, मी मागून बसते’ असे म्हणेल. तिचे ते म्हणणे त्या एका दिवशी कोणी ऐकू नये. सर्वांनी मिळून अन्नासाठी देवाचे आभार मानावेत आणि मग जेवावयास आरंभ करावा. पुढील रविवारी ती आपण होऊन बसेल.